आणीबाणीच्या प्रसंगी बालकाच्या वजनाचा अंदाज : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

लहान मुलांना तातडीच्या प्रसंगी द्यावयाच्या बहुतेक औषधांची मात्रा त्यांच्या वजनावर ठरते. परंतु अशा प्रसंगी वजन करण्याची सवड अथवा सोय असतेच असे नाही आणि मग वजनाचा अंदाज करावा लागतो. हा अंदाज करण्याच्या प्रचलित रीती कोणत्या, त्या कोणत्या मुलांवरून सिद्ध झाल्या, आणि रायगड जिल्ह्यातील मुलांना त्या लावल्या असता चूक कोणत्या दिशेला होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. महाड येथील विंचूदंशावरील उपचारांचे उदाहरण त्यासाठी आधारभूत धरले आहे.

बीजसंज्ञा : बालकाचे वजन, मात्रा, विंचूदंश, प्राझोसिन, वयाधारित सूत्रे, अंगणवाडी.

प्रस्तावना

प्रस्तुत लेखिका संख्याशास्त्राची अध्यापक आहे, वैद्यकाची नव्हे. या विषयाकडे ती वळली ती घरातील एका प्रसंगामुळे. माझ्या मुलीला चार वर्षे पूर्ण झाली त्या पावसाळ्यात एका रात्री तापात तिला झटके आले. दवाखान्यात पोहोचताच डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘वजन किती हिचं?’’ मी म्हणाले, ‘‘सोळा असेल.’’ मागून सासूबाई म्हणाल्या, ‘‘कुठली सोळा! तेराच्या वर नाही पोर. रोज कडेवर घेते मी.’’ डॉक्टरांनी तिला स्वतः उचलून पाहिले आणि तेरा धरून औषध दिले. दुसऱ्या दिवशी काट्यावर वजन १३.२ किलो भरले.

मुलगी बरी झाली. मला मात्र त्या ‘सोळा’ने पुढे बरेच दिवस सोडले नाही. तो आकडा मी कोठून आणला होता? बालरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वयावरून वजन काढण्याचे जे सूत्र शिकवले जाते, त्यात चार वर्षे घातली असता नेमके सोळा येतात. म्हणजे माझा अंदाज अडाण्याचा नव्हता, पुस्तकी होता. आणि सासूबाईंचा अंदाज पुस्तकाहून बरा ठरला. हे केवळ योगायोगाने झाले की त्यामागे काही कारण आहे, हा प्रश्न पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे.

येथे येणारे मात्रांचे आकडे केवळ विषय स्पष्ट करण्यासाठी दिले आहेत. उपचार ठरवणे हे वैद्यकाचेच काम आहे, हे वेगळे सांगावयास नको.

महाडचा विंचू आणि किलोमागे तीस मायक्रोग्रॅम

वजनावर मात्रा ठरवणे म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. (कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले.) कोकणातील लाल विंचू दगडाखाली, लाकूडफाट्यात, पेंढ्यात आणि कौलारू घरांच्या सांदीकोपऱ्यांत राहतो. त्याच्या दंशाने लहान मुले दगावत असत आणि मृत्यूचे नेमके कारण काय, याची स्पष्ट कल्पना तेव्हा नव्हती. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद करीत राहिले. वांती, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही चिन्हे पुढे हृदयावर येणाऱ्या संकटाची पूर्वसूचना देतात, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून मांडले.

कारण असे. विंचवाचे विष मज्जातंतूंच्या टोकांवरील सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवते. त्यामुळे शरीरात ॲड्रिनलिनच्या जातीची रसायने एकाएकी मोठ्या प्रमाणात सुटतात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर भार येतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी साठते. दंशात विष जेवढे शिरते तेवढेच शिरते. पुढे माणूस मोठा आहे की लहान, हे विंचू पाहत नाही. तेवढेच विष दहा-बारा किलोच्या देहात पसरले म्हणजे त्याची तीव्रता कितीतरी वाढते. मुलांना धोका अधिक असतो तो यामुळे.

रक्तवाहिन्यांचे आकसणे रोखणारे प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होते. ते विंचूदंशात उपयोगी पडते, हे बावस्करांनी पोलादपूर-महाड परिसरातील रुग्णांवरून दाखवले आणि १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. या कामात डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा बरोबरीचा वाटा आहे. प्राझोसिनपूर्वीच्या काळात गंभीर दंशाच्या सुमारे ३० टक्के रुग्णांचा मृत्यू होई. ते प्रमाण पुढे एक ते तीन टक्क्यांच्या आसपास उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. आपल्या जिल्ह्यातील एका आरोग्य केंद्रातून निघालेले ज्ञान जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेल्याचे उदाहरण म्हणून आपण ते वर्गात नेहमी सांगतो. त्यातील एका तपशिलाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. प्राझोसिनची मुलांसाठीची मात्रा आहे शरीराच्या दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम, आणि गरजेनुसार ती दर तीन तासांनी पुन्हा द्यावयाची. ‘दर किलो’ म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला : किलो किती?

बारा किलोच्या मुलाला ३६० मायक्रोग्रॅम लागतील. त्याचे वजन सोळा धरले तर ४८० दिले जातील आणि एकोणीस धरले तर ५७०. प्राझोसिनने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, विशेषतः पहिल्या मात्रेनंतर. म्हणूनच औषध दिल्यावर मुलाला आडवेच ठेवावे, उचलून उभे धरू नये, असे बजावले जाते. घाबरलेली आई मात्र मुलाला छातीशी उचलून धरते. तो तिचा स्वभावच आहे, आणि मात्रा गरजेपेक्षा अधिक झालेली असेल तर नेमके तेच अपायकारक ठरू शकते.

जेथे वजन लागत नाही

प्रत्येक औषध वजनावरच दिले जाते अशी समजूत करून घेतली तर तीही चूक ठरेल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष लहान मुलाला मोठ्या माणसाइतकेच दिले जाते. प्रथमदर्शनी हे विपरीत वाटते. परंतु प्रतिविषाचे काम देहावर नाही, विषावर आहे. फुरशाने जेवढे विष सोडले तेवढे निष्प्रभ करणे एवढाच त्याचा हेतू आहे, आणि विषाची राशी मुलाच्या वजनाने कमी होत नाही. विंचवाच्या प्रतिविषालाही हेच तत्त्व लागू पडते. मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार झालेले असे प्रतिविष प्राझोसिनच्या जोडीने दिल्यास काय होते, याची महाडला ७० रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि २०११ साली तिचे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. दोन्ही औषधे मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्यांना सरासरी १७.७ तास लागले.

तरीही वजन मागच्या दाराने परत येतेच. प्रतिविषाची वावडी येऊन श्वास कोंडला तर ॲड्रिनलिन टोचावे लागते आणि त्याची मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम अशी आहे. प्रतिविष ज्या सलाईनमध्ये मिसळून द्यावयाचे त्याचे प्रमाणही मुलाच्या वजनावरून ठरते. झटक्यांवरील औषध, जुलाबाने शुष्क झालेल्या मुलाला शिरेतून द्यावयाचे पाणी, हृदय पूर्ववत चालू करण्यासाठी द्यावयाचा विजेचा धक्का, या सर्वांच्या मापात ‘दर किलो’ हा शब्द आहे. मुखावाटे द्यावयाच्या क्षार-संजीवनीचेही तसेच. मध्यम शुष्कतेत पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. आणि त्याच तक्त्याखाली, वजन माहीत नसेल तरच वयाचा आधार घ्यावा, अशी सूचना आहे. ती सूचना अर्थपूर्ण आहे. वय हा वजनाचा पर्याय नसून नाइलाज आहे, असे ती सांगते.

वयावरून वजन : सूत्रे आणि त्यांची जन्मभूमी

आपल्याकडील वैद्यकीय विद्यार्थ्याला वीच यांच्या नावाने ओळखली जाणारी सूत्रे शिकवली जातात. तीन महिने ते एक वर्षाच्या बालकासाठी महिन्यांतील वयात ९ मिळवून दोनाने भागावे. एक ते सहा वर्षांसाठी

वजन = (२ × वय) + ८

आणि त्यापुढे बारा वर्षांपर्यंत वयाची सातपट करून त्यातून ५ वजा करावेत व दोनाने भागावे. ब्रिटनमधील बालकांच्या आपत्कालीन उपचारांच्या अभ्यासक्रमात अनेक वर्षे दुसरे एक सूत्र होते : वयात ४ मिळवून दुप्पट करणे. कंस सोडवून पाहिला तर हे आणि वीच यांचे एक ते सहा वर्षांचे सूत्र एकच आहे. दोन नावांनी दोन पुस्तकांत वावरणारे एकच समीकरण आमच्या विद्यार्थ्यांना दाखवले तेव्हा त्यांना मोठी गंमत वाटली होती.

ब्रिटनमधील सूत्र पुढे बदलले. शेफील्ड येथे सतरा हजारांहून अधिक मुलांची प्रत्यक्ष वजने या सूत्राशी ताडून पाहिली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जुने सूत्र मुलांना बरेच हलके ठरवते असे आढळले. अभ्यासकांनी नवे सूत्र सुचवले : (३ × वय) + ७. तेथील पाठ्यक्रमाने २०११ मध्ये ते सहा वर्षांपुढील मुलांसाठी स्वीकारले आणि लहान मुलांसाठी (२ × वय) + ८ कायम ठेवले.

या बदलाचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. गणित चुकलेले नव्हते. ब्रिटनमधील मुले अधिक वजनदार झाली होती. वयावरून वजन काढणारे सूत्र हे निसर्गनियमासारखे नसते. ते एका विशिष्ट देशातील, विशिष्ट काळातील मुलांचे संक्षिप्त वर्णन असते. लोकसंख्या बदलली की वर्णन खोटे ठरते. शेफील्डसाठी दुरुस्त केलेले सूत्र पेण-पालीच्या मुलांना लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालण्यासारखे आहे.

हे आकड्यांत पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमापनानुसार चार वर्षे पूर्ण झालेल्या मुलीच्या वजनाचा मध्यक १६.१ किलो आहे, मुलाचा १६.३. वीच यांचे सोळा याच्याशी चांगले जुळते. सूत्र निरुपयोगी नाही, ते मध्यावरच्या मुलासाठी बनलेले आहे, एवढाच याचा अर्थ. त्याच वाढमापनात ‘कमी वजनाची’ रेषा, म्हणजे मध्यकाच्या दोन प्रमाण विचलने खालची रेषा, मुलीसाठी १२.३ आणि मुलासाठी १२.७ किलोवर आहे. निरोगी, सुपोषित लोकसंख्येत शंभरात दोन-तीनच मुले या रेषेखाली असावीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले या रेषेखाली आढळली. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हा आकडा ३६.० होता.

आता बेरीज-वजाबाकी सोपी आहे. रेषेवरच्या चार वर्षांच्या मुलीचे वजन १२.३ किलो, सूत्राचे उत्तर १६. चूक ३० टक्के. शेफील्डचे सूत्र लावले तर उत्तर १९. चूक ५४ टक्के. रेषेखालच्या प्रत्येक मुलीसाठी चूक याहूनही मोठी. आणि आपल्या राज्यात पाच वर्षांखालील तीन मुलांपैकी एकाहून अधिक रेषेखाली आहेत.

संख्याशास्त्रात चुकांचे दोन प्रकार मानतात. एक इकडेतिकडे विखुरणारी चूक. ती कधी अधिक, कधी उणी असते. दुसरी एकाच दिशेला झुकणारी, जिला अभिनती म्हणतात. पहिलीविषयी सावध राहता येते, कारण ती सर्वांच्या वाट्याला सारखी येते. दुसरी अन्यायकारक असते. वयाधारित सूत्र खात्यापित्या घरातील मुलाला बरोबर तोलते आणि कुपोषित मुलाला न चुकता जड ठरवते. याचा अर्थ असा की औषध अधिक सोसण्याची ताकद ज्याच्या अंगी सर्वांत कमी, त्यालाच ते प्रमाणाबाहेर मिळण्याचा संभव सर्वांत अधिक.

‘पाचवे लागले’ म्हणजे किती?

सूत्रात वजन अज्ञात आणि वय ज्ञात असते, असे आपण गृहीत धरले. हे गृहीतही तपासले पाहिजे. आपल्याकडे मुलाचे वय विचारले असता ‘पाचवं लागलंय’ असे उत्तर येते. याचा अर्थ चार पूर्ण, पाचवे चालू. ऐकणारा पाच लिहून घेतो. वीच यांच्या सूत्रात ही एका वर्षाची चूक दोन किलोंची होते, शेफील्डच्या सूत्रात तीन किलोंची. भाषेतील एका क्रमवाचक संख्येची ही किंमत आहे, आणि मराठी विभागातील सहकाऱ्यांनी तिची नोंद घ्यावी.

शिवाय जन्मतारीख नेमकी ठाऊक असतेच असे नाही. शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख लिहिण्याचा प्रघात आपल्या राज्यात इतका रुजलेला होता की जुन्या दाखल्यांवर अर्धा गाव १ जूनला जन्मलेला दिसतो. आता जन्मनोंदणी पुष्कळ सुधारली आहे. परंतु रायगडच्या कातकरी वाड्यांतील कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर स्थलांतर करतात. बाळ भट्टीवर जन्मले तर त्याची नोंद गावात राहून जाते आणि वय ‘भात कापायच्या वेळचा’ असे सांगितले जाते. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांचा समावेश होतो. ज्या घरी वय सर्वांत अनिश्चित, त्याच घरी सूत्राची अभिनतीही सर्वांत मोठी असण्याचा संभव आहे. दोन्ही चुका एकमेकींना छेदत नाहीत, एकाच दिशेने साठत जातात.

लांबीची फीत, दंडाचा घेर

वयाऐवजी लांबीवरून वजन ओळखावे, ही कल्पना जेम्स ब्रोसलो या अमेरिकन डॉक्टरांनी १९८० च्या दशकात प्रत्यक्षात आणली. मुलाच्या बाजूला एक रंगीत फीत अंथरावयाची. डोक्यापासून टाचेपर्यंत मोजले असता टाच ज्या रंगाच्या पट्ट्यावर येईल, त्यावर अंदाजी वजन आणि औषधांच्या मात्रा छापलेल्या असतात. गुणाकार करावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. रात्री दोन वाजता, समोर निपचित पडलेले मूल आणि रडणारे नातेवाईक असताना साधा गुणाकारही चुकतो.

परंतु फीतही कोणत्या तरी मुलांवरून बेतलेली असते. चेन्नईच्या एका शासकीय बालरुग्णालयात ५४८ मुलांवर तिची परीक्षा घेण्यात आली. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दहा किलोपर्यंतच्या बाळांत फितीचा अंदाज जवळपास बरोबर आला. त्यापुढील वजनाच्या गटांत मात्र फितीचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा ११ ते १३ टक्के अधिक होते. फितीच्या उत्तरातून दहा टक्के वजा करावेत, असे अभ्यासकांनी सुचवले, आणि तेवढ्याने उत्तरे पुष्कळ सुधारली. वयाच्या सूत्रातील ३० टक्क्यांशी ही चूक ताडून पाहावी. लांबी निदान समोर दिसते, मोजता येते, आणि ‘पाचवं लागलंय’ असे म्हणत नाही.

लांबीलाही एक गोष्ट कळत नाही : मूल सडपातळ आहे की भरलेले. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या एका फितीत म्हणून लांबीबरोबर अंगकाठीचाही विचार केला जातो. हाँगकाँगमध्ये २०१० च्या सुमारास दंडाच्या घेरावरून एक सूत्र मांडले गेले : सेंटिमीटरमधील घेरातून १० वजा करून तिप्पट करावी. दंड १८ सेंटिमीटर असेल तर वजन २४ किलो. हे शाळकरी वयात बरे चालते, अगदी लहान मुलांत तितकेसे नाही. दंडाचा घेर हे माप आपल्या अंगणवाडी सेविकांना नवे नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंड ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला की ते तीव्र कुपोषित, ही रंगीत पट्टी त्यांच्या पिशवीत असते. कुपोषण शोधण्याचे साधन मात्रा ठरवण्यासही साहाय्य करू शकते, हा विचार आपल्याकडे अधिक व्हावयास हवा.

या सर्व रीतींची तुलना अनेक देशांत झाली आहे. वयाची सूत्रे तळाशी आणि लांबीला अंगकाठीची जोड देणाऱ्या रीती वरच्या बाजूला, असा सर्वसाधारण क्रम लागतो. पालकांनी सांगितलेले वजनही वयाच्या सूत्रांहून बरेच भरवशाचे ठरते. सासूबाईंचा विजय म्हणजे योगायोग नव्हता, हे वाचून मला समाधान वाटले, थोडी लाजही वाटली. त्या रोज मुलीला उचलत होत्या आणि महिन्यातून एकदा अंगणवाडीत तिचे वजन होताना समोर असत. म्हणजे अंदाज आणि माप यांची सांगड त्यांच्या हातांत बसलेली होती. बंदरावर वाटे लावणारी कोळीण मासळी न तोलता बरोबर वाटे करते, तेही याच शिक्षणाने. केवळ पाहून अंदाज करणाऱ्याला तो चुकला की बरोबर आला हे कधी कळतच नाही, आणि न कळल्यामुळे तो वर्षानुवर्षे तसाच राहतो.

किती चूक चालेल?

येथवर वाचून अचूकतेचा हव्यास धरला जाईल, म्हणून एक सावधगिरी. साध्या प्राझोसिनची एक मिलिग्रॅमची गोळी घेतली तर तिचा पाव तुकडा म्हणजे २५० मायक्रोग्रॅम आणि अर्धा म्हणजे ५००. दातेरी कडा असलेला तो तुकडा नेमका पाव असतोच असे नाही. ज्या साखळीचा शेवटचा दुवा इतका जाड आहे, तिच्या पहिल्या दुव्यात वजन शंभर ग्रॅमपर्यंत काढण्यात अर्थ नाही. वजनात पाच-दहा टक्के चूक बहुतेक औषधांत सोसली जाते. प्रश्न तीस-पन्नास टक्क्यांचा आहे.

शिवाय अधिक आणि उणे या चुका सारख्या नसतात. प्राझोसिन थोडे कमी पडले तर तीन तासांनी पुढची मात्रा आहेच, आणि मुलाचे हातपाय गरम झाले की नाही हे हात लावून समजते. अधिक दिले तर मात्र परत काढून घेता येत नाही. विंचूदंशात फुप्फुसांत पाणी भरू लागलेल्या मुलाला वजन जास्त धरून सलाईन लावणे घातक. झटक्यांवरील औषध अधिक झाले तर श्वास मंदावतो, फार कमी पडले तर झटके थांबत नाहीत. येथे दोन्ही बाजूंना धोका आहे. हृदय बंद पडलेले असताना द्यावयाच्या ॲड्रिनलिनमध्ये थोड्याफार चुकीपेक्षा विलंबच अधिक मारक. तेव्हा ‘शंका असल्यास वजन कमी धरा’ असा सरसकट नियम करता येत नाही. कोणते औषध, हे पाहूनच तो ठरतो.

वजन आधीच लिहिलेले असते

सर्वांत चांगला अंदाज म्हणजे अंदाजच न करणे. जेथे काटा आहे आणि मूल उभे राहू शकत नाही, तेथे आईने त्याला घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकटीने. वजाबाकीत मुलाचे वजन मिळते. यास अर्धे मिनिट लागते. परंतु झटके चालू असताना तेही अर्धे मिनिट नसते.

अशा वेळी उपयोगी पडते ते आधी केलेले वजन. अंगणवाडीत पूर्वी दांडीला टांगलेल्या सॉल्टर काट्यावर आणि आता अनेक ठिकाणी अंकीय काट्यावर दरमहा मुलांची वजने होतात. ती नोंदवहीत जातात, २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वर जातात आणि माता-बाल संरक्षण कार्डावरील वाढीच्या आलेखावर बिंदूच्या रूपाने उमटतात. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते, तीतही वजन असते. जे गाव आपल्या मुलांना इतक्या वेळा तोलते, त्या गावातील मूल १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून उतरते तेव्हा त्याचे वजन कोणाला ठाऊक नसते. आकडा नसतो असे नाही. तो कपाटात कार्डावर असतो आणि मूल रुग्णालयात.

जुने वजन काय कामाचे, असा आक्षेप येईल. हिशेब करून पाहावा. दोन ते पाच वर्षांच्या वयात मूल वर्षाला सुमारे दोन किलोंनी वाढते. सहा महिन्यांपूर्वी बारा किलो असलेले मूल आज तेराच्या आसपास असेल. जुनाच आकडा वापरला तरी चूक आठ टक्क्यांच्या आत, आणि एक किलो मिळवला तर त्याहूनही कमी. त्याच मुलाला सूत्राने सोळा ठरवले तर चूक २३ टक्के. सहा महिने शिळे माप ताज्या सूत्राला सहज मागे टाकते. अपवाद मधल्या काळात दीर्घ आजार वा उपासमार झालेल्या मुलांचा. भट्टीवरून परतलेल्या मुलांविषयी हे विशेषत्वाने लक्षात ठेवावे लागेल.

यात महाविद्यालयाने करण्याजोगे एक छोटे काम आहे, आणि त्यासाठी निधीची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात आपले विद्यार्थी घरोघर जातातच. तेव्हा सहा वर्षांखालील मुलांच्या घरी माता-बाल संरक्षण कार्ड कोठे ठेवले आहे हे विचारावे, शेवटचे वजन तारखेसह कार्डाच्या दर्शनी पानावर ठळक लिहून द्यावे, आणि विंचू असो, साप असो, झटके असोत, मुलाला उचलताना कार्डही उचलावे, एवढेच आईला आणि आजीला सांगावे. शाळकरी मुलांसाठी हेच काम वर्गशिक्षक करू शकतात. हजेरीपटाच्या मागच्या पानावर मुलांच्या नावासमोर वजनाचा एक रकाना आणि वजन केल्याच्या तारखेचा दुसरा. तारखेचा रकाना विसरू नये. तारीख असेल तरच मधल्या महिन्यांची वाढ त्यात मिळवता येते.